गल्ली नंबर चार की पाच?

मागच्या शनिवारी मोबाईल पूर्ण चार्ज करून धुळ्याच्या जुन्या बाजारपेठेत दोन तास भटकत होतो. पाच कंदील, आग्रा रोड आणि मग एकेक गल्ली. तुम्ही कधी धुळ्याला गेला नसाल तर सांगतो, इथे गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर एक, दोन, तीन... पत्ता सांगायचा तर असाच. आमच्या भाषेत सांगायचं तर अॅरे आहे, फक्त शून्यापासून सुरू होत नाही :)

भटकण्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका गल्लीचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. दिवस होता 15 सप्टेंबर, म्हणजे इंजिनिअर्स डे. खाली लिहिलं, "सर विश्वेश्वरय्यांनी आखलेलं माझ्या आजोळचं गाव." भरपूर अंगठे मिळाले. दोघातिघांनी तो पुढेही ढकलला. ही गोष्ट मला मामाने सांगितली होती, मामाला त्याच्या मास्तरांनी. धुळ्यात कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल.

नंतर एका रविवारी सहज 1880 सालचं खानदेशचं गॅझेटिअर वाचायला घेतलं आणि तोंडावर आपटलो.

विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 चा. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते लागले 1884 साली. सुरुवातीच्या नोकरीत ते खानदेशात होते हे अगदी खरं. पांझरेवर दातर्तीजवळ पाटाचं पाणी नळातून पलीकडे नेण्याचं अवघड काम त्यांनी केलं, आपल्या आठवणींत त्याबद्दल लिहिलंय. पण नव्या धुळ्याची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आहे. 1818 मध्ये पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळं निवडलं. 1819 मध्ये कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळाली. लांबून कारागीर आणले. व्यापाऱ्यांनी इथे येऊन राहावं म्हणून घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर बांधकामाला उचलही दिली. तेव्हा गावात होती 401 घरं आणि 2509 माणसं. आज एखाद्या टाऊनशिपमध्ये याहून जास्त लोक राहतात!

म्हणजे विश्वेश्वरय्यांच्या जन्माआधी 42 वर्षं या वस्तीचा पाया पडला होता. आणि ज्या पुस्तकात हे लिहिलंय ते ते नोकरीला लागण्याच्या चार वर्षं आधीच छापून झालं होतं. मग लोक असं का म्हणतात? मला वाटतं, सरळ रस्ते दिसले की आपल्याला एखादा मोठा इंजिनिअर आठवतो, आणि तो खरोखर इथे येऊन गेलेला असला की गोष्ट आपोआप जुळते. ब्रिग्जचं नाव कुणाला ठाऊक? फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणारा तो हाच, पण ते आपल्याला कोण सांगणार!

असो. तर यावेळी फोटो काढताना डोळे उघडे ठेवून काढायचे ठरवलं होतं. आणि खरं सांगू, बाजाराची अवस्था बघून वाईट वाटलं. वरच्या मजल्यावर सागाचे खांब, लाकडी कठडा, त्यातून उगवलेलं पिंपळाचं रोप, खाली मोबाईल कव्हरचं दुकान. मध्येच एक घर नाहीच, फक्त शेजारच्या भिंतीवर त्याच्या जिन्याची तिरकी खूण. फोटोला हे सगळं फार छान दिसतं, हीच तर पंचाईत. एका ओट्यावर बसलेले एक आजोबा माझ्याकडे बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "कसाले फोटू काढी ऱ्हायना भाऊ?" मी म्हटलं, "जुनं घर आहे म्हणून, बाबा." त्यावर ते मराठीत आले, "जुनं नाही, पडकं आहे. पावसाळ्यात आत येऊन पाहा." मी फोन खिशात टाकला.

पण कशाला काढतो, या प्रश्नाचं माझ्याकडे एक उत्तर होतं. आजोबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, मॅट्रिकला असताना धुळ्यात एका घराच्या माडीवर भाड्याने राहत. त्या घराचा फोटो मी 2015 मध्ये काढला होता, त्यांनीच हात धरून दाखवलं होतं. पुढे माझा फोन हरवला, घर पाडलं गेलं, आजोबाही गेले. फोटो मावशीच्या व्हॉट्सअॅपवर सापडला. पण व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याच्या पोटातली जागेची आणि वेळेची नोंद निघून जाते. रोज लोकांचा डेटा सांभाळणारा मी, घरचा बॅकअप घेतला नव्हता. आता मामा म्हणतो गल्ली नंबर चार, मावशी म्हणते पाच. परवा दोन्ही गल्ल्या टोकापर्यंत चाललो. कळलं नाही.

याच धुळ्यात 31 डिसेंबर 1926 ला इतिहासाचार्य राजवाडे गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी इथे उभं राहिलं, त्यांनी जमवलेली दप्तरं तिथे आहेत. हा माणूस आयुष्यभर गावोगाव पडक्या वाड्यांतून कागद गोळा करत हिंडला. 1898 पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले. कागद कुणी, कुणाला, कधी लिहिला हे ठरवण्यातच त्यांची कितीतरी मेहनत गेली, कारण तारीख चुकली की सगळी गोष्टच चुकते. माझ्या इंजिनिअर्स डेच्या फोटोसारखी.

गल्ल्यांच्या बाबतीतही तेच. 1872 मध्ये पांझरेला मोठा पूर आला, घरांचं फार नुकसान झालं. त्यामुळे आज दिसणारी माडी ब्रिग्जच्या काळातली असेलच असं नाही. घरं पडतात, पुन्हा बांधली जातात, रस्त्याची रेघ मात्र तीच राहते. मी "दोनशे वर्षं जुनं घर" असं लिहिणार होतो, ते खोडलं.

या वेळी 63 फोटो काढले. घरी आल्यावर प्रत्येकाला नाव दिलं: गल्ली, कोणत्या बाजूने, शेजारी कोणतं दुकान, तारीख. चार तास गेले, बायको वैतागली. जुन्या ग्रुपवरही दुरुस्ती टाकली. एकच अंगठा आला.

मावशीकडच्या फोटोला नाव दिलंय 'आजोबांची माडी, धुळे, 2015, गल्ली चार किंवा पाच'. त्यातलं 'किंवा' खोडता येत नाही. पुढच्या महिन्यात मामा आणि मावशी दोघांनाही सोबत घेऊन जाणार आहे. भांडू देत तिथेच उभं राहून.