मनीऑर्डरची उलटी वाट

मनीऑर्डर म्हटलं की आपल्या कोकणात आठवतो तो मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी. तो तिकडे कमवायचा आणि पोस्टमन इकडे गावी पैसे आणून द्यायचा. पण आपल्या पनवेल तालुक्यातच तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. तिथली मनीऑर्डर उलट्या वाटेनं जाते. कमावता माणूस आत, आणि पैसे घरून त्याच्याकडे. आज आपण या उलट्या वाटेचा विचार करू.

टपालखात्यानं आपल्याकडे मनीऑर्डर सुरू केली १ जानेवारी १८८० रोजी. योगायोग बघा, त्याच महिन्यात याच तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके जन्मठेपेचे कैदी म्हणून एडनला नेले गेले. १८८३ मध्ये तिथल्या तुरुंगातच ते वारले. शिक्षा झालेल्या कैद्याला सरकार ठेवील तसं राहावं लागे. मग ज्याचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही, त्याचं काय?

याचं उत्तर १८९४ च्या तुरुंग कायद्यातल्या ३१ व्या कलमात मिळतं. अशा कैद्याला अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि इतर गरजेच्या वस्तू स्वतः विकत घेण्याची किंवा बाहेरून मिळवण्याची मुभा त्यात दिली आहे. विचार चांगलाच आहे. दोष ठरला नाही, तर शिक्षेचं जिणं कशाला?

पण मुभा म्हणजे काही पैसे नव्हेत. सक्तमजुरीच्या कैद्याला कामाची मजुरी मिळते. ती न्याय्य असावी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये सांगितलं. कच्च्या कैद्याला सक्तीचं काम नाही, म्हणून मजुरीही नाही. साबण, तेल, बिस्किटं घ्यायची तर भिस्त घरावर. घरून आलेली रक्कम हातात मिळत नाही, कैद्याच्या नावे जमा होते आणि कॅन्टीनच्या खरेदीतून वजा होते. आणि देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत!

आता घरची बाजू बघू. मनीऑर्डरचं कमिशन वीस रुपयांमागे एक रुपया. म्हणजे दोन हजार पाठवायचे तर शंभर रुपये वेगळे काढायचे. आणि हे कोण काढणार? ज्या घरातला मिळवता हातच आत आहे, ते घर. वकील, तारखेला जाण्याचं गाडीभाडं, मुलांची फी, हे सगळं भागवून. जुन्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायला जागा असे, त्यामुळे पैशाबरोबर घरची खुशालीही आत जाई. संगणकावरच्या मनीऑर्डरीत ठरावीक संदेशांतून एक निवडायचा.

तत्त्वज्ञानात आम्ही शिकवत आलो की दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. पण आतल्या व्यवहारात त्या निर्दोषपणाचा खर्च कुटुंबानं भरायचा, अशी ही व्यवस्था आहे. आणि ज्याच्या नावे पैसे पाठवणारं कोणीच नाही, त्याला ३१ व्या कलमातून काय मिळालं? न्यायाची चर्चा करताना आपण निकालाबद्दल पुष्कळ बोलतो. निकालाआधीच्या महिन्यांबद्दल, वर्षांबद्दलही बोलायला हवं.