उचलणें आणि तोलून धरणें

आमच्या भाच्यानें परवां एक प्रश्न आमच्यापुढें टाकला. त्याच्या घरामागें पत्र्याचें लहानसें गॅरेज आहे. सुटीच्या दिवशीं तो तेथें आपली मोटारसायकल उघडून बसतो. गाडी सुमारें १९० किलो वजनाची. ती उचलून धरणारी एखादी स्वस्त लिफ्ट घ्यावयाची, तर कोणती घ्यावी? इतिहासाच्या अध्यापकाकडे हा सल्ला मागणें म्हणजे वैद्यापुढें जन्मपत्रिका मांडण्यासारखेंच होय. परंतु खरें पाहतां त्याची निवड होऊन चुकली होती. दुकानदाराच्या पत्रकावर ४५० किलो वजन उचलण्याची ग्वाही ठळक अक्षरांत छापलेली होती, आणि त्या आंकड्यावर तो भाळला होता.

वजन उचलण्याची विद्या फार जुनी. अलेक्झांड्रियाच्या हेरॉननें आपल्या यंत्रविषयक ग्रंथांत तरफ, कप्पी, पाचर यांबरोबर मळसूत्राचेंहि वर्णन केलें आहे. मळसूत्राची गति मंद, आणि तें फिरविणाऱ्याचे हात भरून येतात. पण त्याच्या आट्यांतील जें घर्षण श्रम वाढवितें, तेंच हात सोडल्यावर ओझें जागच्या जागीं धरून ठेवितें. पुढें पास्कालनें द्रवांच्या दाबाचा नियम मांडला. तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं छापला गेला. त्या नियमाच्या आधारें जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ मध्यें जलदाबयंत्राचें पेटंट घेतलें. मोठ्या दट्ट्याचा व्यास लहान दट्ट्याच्या दसपट असला, कीं बळ शंभरपट होतें. अडचण एकच: पाणी फटींतून निसटे. हेन्री मॉड्स्ले या त्याच्या हाताखालच्या कारागिरानें, दाब जों जों वाढेल तों तों फट घट्ट मिटावी असें कातड्याचें कडें बसविलें, असें सांगतात. (हाच ब्रामा कुलपांसाठींहि प्रसिद्ध होता. लिफ्ट करणाऱ्यांनीं त्याचें दाबयंत्र तेवढें घेतलें. कुलुपाची आठवण पुष्कळांस राहिली नाहीं.)

आम्हीं भाच्याला ब्रिटानिया पुलाची हकीकत सांगितली. वेल्समधील मेनाइ सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन हा रेल्वेपूल बांधीत होता. लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड नळ्या, त्यांतील प्रत्येक लांब नळी दीड हजार टनांहून जड, पाण्यावरून तरंगत आणून जलदाबयंत्रांनीं सुमारें शंभर फूट वर चढवावयाच्या होत्या. यंत्रांच्या बळाविषयीं शंका नव्हती. तरीहि स्टीफन्सनची अट अशी, कीं नळी जसजशी चढेल तसतसें तिच्याखालीं लांकूड व बांधकाम भरीत जावें. घाईच्या माणसांना हें जाचक वाटलें असेल. १७ ऑगस्ट १८४९ रोजीं एका यंत्राच्या नळकांड्याचें बूडच फुटलें. त्या अपघातांत एक मनुष्य दगावला. पण नळी सुमारें वीतभर खचून भरणीवर टेकली. भरणी नसती, तर ती नळी आणि कदाचित् स्टीफन्सनची कीर्तीहि मेनाइच्या पाण्यांत गेली असती.

१९० किलोच्या गाडीला ४५० चा आंकडा पुरून उरतो. म्हणूनच त्यावरून कांहींच ठरत नाहीं. तेलाचा दाब गेला तर गाडी कशावर राहील, हा खरा प्रश्न. पायानें पंप मारावयाची लिफ्ट घ्यावयाची असल्यास तिला दाबावर अवलंबून नसलेली पोलादी खीळ आहे कीं नाहीं, आणि ती पाहिजे त्या उंचीवर बसते कीं नाहीं, हें दुकानांतच पाहावें. नुसतें मागचें चाक उचलणारा स्टँड साखळी साफ करण्यापुरता ठीक. कैचीसारखा उघडणारा मळसूत्री जॅक स्वस्त पडतो. पण इंजिनाखालीं सांगाड्याच्या नळ्या नसल्या, किंवा धुराची नळी आड आली, तर तो टेकवावा कोठें? शिवाय गाडी सरळ चढली तरी बाजूला कलंडूं शकते. दोहों बाजूंनीं ताणावयाचे पट्टे किंमतींत धरलेच पाहिजेत.

भाच्याच्या गाडीखालीं सांगाड्याच्या दोन सरळ नळ्या आहेत. त्यानें अखेर मळसूत्री जॅक व पट्टे आणले. गाडी चढली कीं तिच्याखालीं सरकविण्याचे सागवानी ठोकळे शेजारच्या सुतारानें फुकट दिले. ते किती जाडीचे हवेत, एवढेंच काय तें त्यानें विचारलें.