बार्सिलोनाचा वास्तुकार दोमेनेक

बार्सिलोना नगरीचें नांव निघालें कीं वास्तुकलेची थोडीबहुत गोडी असणाऱ्या माणसाच्या तोंडीं आंतोनी गौदी हेंच नांव प्रथम येतें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्या एका नांवाच्या तेजांत त्याच नगरींतील दुसरा एक कर्ता पुरुष आपणांस दिसेनासा झाला आहे. लुईस दोमेनेक इ मोंतानेर हें त्याचें नांव. कॅटलन लोकांत आधीं बापाचें व मग आईचें अशीं दोन आडनांवें लावण्याची चाल आहे. मधला ‘इ’ म्हणजे आपला ‘आणि’. हा गौदीहून अवघा अडीच वर्षांनीं वडील. पण गौदी ज्या वास्तुशाळेंत विद्यार्थी होता, त्याच शाळेंत हा अध्यापक होता. आज आपणांशीं बोलावयाचें आहे तें याच्याविषयीं.

दोमेनेकचा जन्म १८४९ सालीं बार्सिलोना येथें झाला. वडील पुस्तकबांधणीचा व प्रकाशनाचा व्यवसाय करीत, आणि पुस्तकाचें वेड मुलाच्या अंगीं जन्मभर राहिलें; पुढें नामांकित झाल्यावरही तो पुस्तकांच्या वेष्टनांचीं चित्रें हौसेनें काढीत असे. आरंभीं त्यानें पदार्थविज्ञान व गणित यांचा अभ्यास केला, मग माद्रिद येथें जाऊन १८७३ सालीं वास्तुविद्येची पदवी मिळविली. दोन वर्षांनीं बार्सिलोनाच्या नव्या वास्तुशाळेंत त्याची नेमणूक झाली. तेथें त्यानें सुमारें ४५ वर्षें शिकविलें, आणि त्यांतील कित्येक वर्षें तो त्या शाळेचा मुख्य होता.

तो काळ ध्यानांत घेतल्यावांचून हा माणूस समजावयाचा नाहीं. १७१४ सालीं बार्सिलोना पडली, आणि त्यानंतर कॅटलोनियाच्या जुन्या राजसंस्था व कायदे नष्ट होऊन राजदरबारीं व कचेरींत त्यांच्या भाषेला थारा उरला नाहीं. ती घरांत बोलली जाई, बाजारांत ऐकूं येई, पण विद्वानांच्या सभेंत तिची लाज वाटे. एकोणिसाव्या शतकांत कापडाच्या गिरण्यांनीं त्या प्रांतांत पैसा आला, जुना तट पाडून नगर बाहेर पसरलें, आणि पैशाबरोबर आत्मभानही आलें. कवी व पंडित यांनीं आपल्या भाषेचें पुनरुज्जीवन आरंभिलें. भाषा तर पुन्हां उभी राहूं लागली; पण घरें? घरें तर पॅरिसच्या नकलेचीं!

हाच प्रश्न २८ वर्षांच्या दोमेनेकनें १८७८ सालीं एका निबंधांत विचारला. ‘राष्ट्रीय वास्तुकलेच्या शोधांत’ अशा अर्थाचें त्याचें नांव. अशा मथळ्याखालीं जुन्याचा जयजयकार असणार असें आपण समजतों. पण या निबंधांत तसें नाहीं. राष्ट्राची वास्तुकला हुकमानें निर्माण होत नाहीं, आणि एकाद्या गत शतकाचा वेष अंगावर चढवूनही ती साधत नाहीं, असें तो स्पष्ट म्हणतो. गतकाळांतील सर्व वास्तुपरंपरांचे आपण वारस आहों, तेव्हां सर्वांपासून शिकावें. आणि लोखंडासारखें जें नवें साहित्य या युगानें हातीं दिलें आहे, तें न लपवितां वापरावें. स्वतःच्या राष्ट्राचा एवढा अभिमानी माणूस परक्यांचें ऋण इतक्या मोकळ्या मनानें मान्य करतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बोलल्याप्रमाणें त्यानें करून दाखविलें. आपल्या नातलगाच्या छापखान्यासाठीं व प्रकाशनगृहासाठीं त्यानें जी इमारत बांधली, तिच्या दर्शनी भागावर त्यानें उघडी वीट व लोखंड बेधडक आणलें. कारखान्याला शोभणारें साहित्य सभ्य वस्तींत आलें म्हणून त्या काळीं कित्येकांनीं नाकें मुरडलीं असल्यास नवल नाहीं. १८८८ सालीं बार्सिलोनांत जागतिक प्रदर्शन भरलें. पाहुण्यांसाठीं समुद्रकांठीं एक प्रचंड हॉटेल हवें होतें. तें दोमेनेकनें सुमारें दोन महिन्यांत उभें केलें, आणि प्रदर्शन संपतांच तें पाडून टाकण्यांत आलें. ज्या कामानें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें, त्याची आज एक वीटही जागेवर नाहीं. त्याच प्रदर्शनासाठीं बांधलेलें त्याचें उपाहारगृह मात्र टिकलें. किल्ल्यासारखीं शिखरें मिरविणारी ती विटांची वास्तू प्रदर्शनाच्या मुदतींत पुरी झालीच नव्हती. पुढें तिच्यांतच त्यानें आपला मित्र गालिसा याच्यासह एक कर्मशाळा काढली. लोहारकाम, चिनी मातीचें काम, कांचकाम असे जे जुने हुन्नर मरणपंथास लागले होते, त्यांना तेथें पुन्हां हात मिळाले.

मध्यंतरीं तो राजकारणांतही शिरला. १८९२ सालीं मानरेसा येथें कॅटलन स्वराज्याच्या मागण्यांचा जो मसुदा संमत झाला, त्या चळवळीच्या अग्रभागीं तो होता. १९०१ सालीं तो माद्रिदच्या प्रतिनिधिसभेवर निवडून आला. पण सहकाऱ्यांशीं मतभेद होऊन थोड्याच वर्षांत तो त्यांतून बाजूला झाला. वास्तुकलेचें यांत नुकसान झालें नाहीं, कारण त्याचीं सर्वांत श्रेष्ठ कामें याच वर्षांतलीं आहेत.

त्यांतलें पहिलें म्हणजे संगीताचा प्रासाद. १८९१ सालीं लुईस मिलेत व आमादेउ विवेस या दोघां संगीतज्ञांनीं ‘ऑर्फेओ कताला’ नांवाची गायकमंडळी स्थापन केली होती. तिच्यांत सामान्य घरांतील माणसें एकत्र जमून आपल्या भाषेंतील लोकगीतें गात. या मंडळीला स्वतःचें घर हवें होतें. जागा मिळाली ती जुन्या वस्तींतील अरुंद गल्ल्यांच्या बेचक्यांत. तिथें उजेड कोठून यावा? दोमेनेकनें लोखंडी सांगाडा उभा करून भिंतींवरचा भार काढून घेतला, आणि भिंतींच्या जागीं रंगीत कांच बसविली. छताच्या मध्यभागीं कांचेचा घुमट आहे, पण उलटा! सोनेरी सूर्याचा थेंब वरून खालीं ओघळत असावा तसा तो श्रोत्यांच्या मस्तकावर लोंबतो. दिवसाच्या मैफलीला दिव्याची गरज भासत नाहीं.

रंगमंचाची एक बाजू कॅटलन गीतकार क्लावे याची. त्याच्या अर्धपुतळ्यावर एक झाड झुकलें आहे. समोरच्या बाजूला बीथोव्हेन, आणि त्याच्यावरून वाग्नरच्या संगीतनाट्यांतील वीरकन्या घोडे उधळीत चालल्या आहेत. म्हणजे घरचें लोकगीत एका अंगाला व परक्या देशाचें अभिजात संगीत दुसऱ्या अंगाला, आणि दोहोंच्या मधोमध गाणारी माणसें. मागच्या भिंतीवर १८ संगीतदेवता आहेत; त्यांचें कमरेवरचें अंग भिंतींतून कोरून बाहेर आलें आहे, आणि खालचीं वस्त्रें जडावाच्या तुकड्यांनीं भिंतीवरच रंगविलीं आहेत. १९०८ च्या फेब्रुवारींत हा प्रासाद खुला झाला, आणि पुढल्या वर्षीं नगरपालिकेनें उत्कृष्ट वास्तूचें पारितोषिक त्याला दिलें.

पण अभिरुचीचें चाक फिरावयास वेळ लागत नाहीं. पांचदहा वर्षांत बार्सिलोनांत साध्या, संयत, ग्रीक वळणाच्या कलेची लाट आली, आणि हाच प्रासाद म्हणजे कासारहाटाचें प्रदर्शन अशी टवाळी सुरू झाली. तो पाडावा असेंही म्हणणारे निघाले. दोमेनेकच्या कित्येक घरांची पुढें हेळसांड झाली. पासेज द ग्रासिया या रस्त्यावरील त्याच्या लेओ मोरेरा गृहाच्या तळमजल्यावरील सुंदर शिल्पें १९४३ सालीं एका दुकानाच्या सजावटीसाठीं फोडून टाकण्यांत आलीं. हें काम परक्या शत्रूचें नव्हे, हें सांगावयास नकोच.

दुसरें काम रुग्णालयाचें. पाउ गिल नांवाचा एक कॅटलन सावकार १८९६ सालीं पॅरिस येथें वारला, आणि आपल्या जन्मनगरींत गरिबांसाठीं रुग्णालय बांधावें म्हणून मृत्युपत्रांत धन ठेवून गेला. बार्सिलोनाचें जुनें ‘पवित्र क्रूसाचें’ रुग्णालय १४०१ सालचें. तें अपुरें पडत होतें. दोहोंचा मेळ घालून १९०२ सालीं नव्या वास्तूचा पाया घातला गेला. जागा नगराच्या नऊ चौकांएवढी. दोमेनेकनें एकच अवाढव्य इमारत न बांधतां ४८ स्वतंत्र मंडपांची योजना आखली. त्यांतले २७ च प्रत्यक्षांत आले. रोग एका दालनांतून दुसऱ्यांत पसरूं नये, प्रत्येक खाटेला ऊन व वारा मिळावा, हा त्यांतला हेतु. नगराचे रस्ते ज्या काटकोनी जाळ्यांत आंखलेले आहेत, तें जाळें मोडून त्यानें आपलें रुग्णालय ४५ अंशांनीं तिरकें बसविलें. मंडपांमध्यें बागा, आणि रोग्यांची व सामानाची ने-आण जमिनीखालच्या भुयारांतून. म्हणजे वर आजाऱ्याच्या नजरेला झाडें व फुलेंच पडावींत.

भिंतींना व छतांना त्यानें चकाकत्या रंगीत फरशा लावल्या. त्या धुवावयास सोप्या, म्हणून वैद्यांना पसंत. पण हिरव्या, पिवळ्या, गुलाबी फरशांची ती नक्षी केवळ धुण्यासाठीं नव्हती. खाटेवर उताणा पडलेल्या माणसाला दिवसभर छतच पाहावें लागतें. श्रीमंताच्या दिवाणखान्यांत जें सौंदर्य त्यानें ओतलें होतें, तेंच येथें हमाल-मजुरांच्या वांट्याला आलें. खर्च अफाट झाला, काम पैशाअभावीं रखडलें, आणि दोमेनेकला तें पुरें झालेलें पाहावयास मिळालें नाहीं. १९२३ च्या डिसेंबरांत तो वारला. मुलगा पेरे दोमेनेक इ रौरा यानें पुढचें काम चालविलें, आणि १९३० सालीं रुग्णालयाचें रीतसर उद्घाटन झालें. उतारवयांत दोमेनेक वास्तुकामापेक्षां जुन्या देवळांचा व राजमुद्रांचा अभ्यास करण्यांतच अधिक रमला होता.

त्याच्या पश्चात् देशावर यादवी ओढवली. १९३९ सालीं फ्रांकोची सत्ता आल्यावर कॅटलन भाषेवर बंधनें आलीं आणि ऑर्फेओचें गाणें थांबलें. प्रासाद मात्र उभा होता. १९६० च्या मे महिन्यांत कवि माराग्याल याच्या जन्मशताब्दीची मैफल तेथें भरली. कार्यक्रमांतून ‘ध्वजाचें गीत’ अधिकाऱ्यांनीं गाळून टाकलें होतें. याच मंडळीसाठीं माराग्यालनें तें लिहिलें होतें आणि मिलेतनें त्याला चाल दिली होती. मैफलीच्या मध्येंच प्रेक्षकांतील कांहीं माणसें उभीं राहिलीं आणि त्यांनीं तें गीत म्हणावयास आरंभ केला. पोलिसांनीं त्यांस धरलें, कित्येकांना तुरुंग भोगावा लागला.

१९८० नंतरच्या काळांत प्रासादाची काळजीपूर्वक डागडुजी झाली, आणि १९९७ सालीं युनेस्कोनें प्रासाद व रुग्णालय हीं दोन्ही जागतिक वारशांत घातलीं. जुन्या मंडपांतून रोग्यांची शुश्रूषा २००९ पर्यंत चालू होती. त्या वर्षीं शेवटच्या खाटा त्याच आवाराच्या टोकाला बांधलेल्या नव्या इमारतींत हलविण्यांत आल्या. रुग्णालयाच्या दारापासून एक तिरका रस्ता निघतो, तो थेट गौदीच्या सग्रादा फामिलिया मंदिरापाशीं जातो. त्या रस्त्याला नांव गौदीचेंच आहे.