कर्नाटक विद्यापीठाची पंचाहत्तरी : सीमाभागातले धारवाडचे पदवीधर कोणाच्या यादीत?

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या स्थापनेला २०२४ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. अशा टप्प्यावर पुढची आखणी माजी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन करायची असते. पण धारवाडच्या बाबतीत आधी वेगळाच प्रश्न येतो : माजी विद्यार्थी म्हणायचं कुणाला? इथली पदवी घेतलेले असंख्य लोक ज्या जिल्ह्यांतले, ते जिल्हेच आज विद्यापीठाच्या हद्दीत नाहीत. त्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकी, बसवकल्याणकडचे मराठी भाषकही आले.

मुंबईत जन्म, धारवाडला घर

१९४९ पर्यंत बेळगाव-धारवाडची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. धारवाडचं कर्नाटक कॉलेज १९१७ चं, बेळगावचं लिंगराज कॉलेज १९३३ चं, तर राणी पार्वतीदेवी (आरपीडी) कॉलेज १९४५ चं. मुंबई प्रांताच्या कायद्याने १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं. पुणे विद्यापीठही त्याच वर्षी सुरू झालं. धारवाडचं सुरुवातीचं कार्यालय मुंबईतच होतं. १९५० मध्ये ते धारवाडला हललं.

विद्यापीठाला आजचं रूप आलं ते डी. सी. पावटे यांच्या काळात. बेळगाव जिल्ह्यातले पावटे केंब्रिजचे रँग्लर. १९५४ ते १९६७ अशी तेरा वर्षं ते कुलगुरू होते, पुढे पंजाबचे राज्यपाल झाले. 'छोटा महाबळेश्वर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवरच्या विद्यापीठ परिसराला आज पावटे नगर म्हणतात.

मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडच्या जेएसएस कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. गंगूबाई हनगल विद्यापीठात संगीताच्या मानद प्राध्यापक होत्या. माथेरानला जन्मलेले नाटककार गिरीश कार्नाड १९५८ मध्ये इथूनच पदवीधर झाले.

हद्द कशी आटत गेली

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर कलबुर्गी, बीदर, रायचूरकडचा भागही धारवाडला जोडला गेला. मग एकेक तुकडा सुटत गेला :

• १९८० : गुलबर्गा विद्यापीठ झालं, बीदरसह तो भाग तिकडे गेला.
• १९८६ : धारवाडमध्येच स्वतंत्र कृषी विद्यापीठ झालं.
• १९९६ आणि १९९८ : वैद्यकीय शिक्षण राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, अभियांत्रिकी बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाकडे गेली.
• २००९ : कायद्यासाठी हुबळीत वेगळं विद्यापीठ आलं.
• २०१० : बेळगावच्या पदव्युत्तर केंद्राचं राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं; बेळगाव, विजापूर, बागलकोट जिल्हे सुटले.
• २०२२ : कायद्यात दुरुस्ती होऊन हावेरीसाठी वेगळं विद्यापीठ ठरलं.

धारवाड, गदग आणि उत्तर कन्नड हाच आता मुख्य टापू. विद्यार्थ्याला जवळ विद्यापीठ मिळालं, ही सोय खरीच. पण महाविद्यालयं गेली की संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्कही जातं. जुन्या सेवकांचं निवृत्तिवेतन आणि जुन्या इमारती मात्र मूळ विद्यापीठाच्याच गळ्यात राहतात.

आपली पदवी कोणाची?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कॉलेज आज कुठल्या विद्यापीठाला जोडलेलं आहे, ते पाहायचं नाही. पदवी प्रमाणपत्रावर कोणाचं नाव आहे, ते पाहायचं. १९९० मध्ये आरपीडीतून बीए झालेली बेळगावची शिक्षिका धारवाडची माजी विद्यार्थिनी ठरते. त्याच काळात गोगटे इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअर किंवा जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेलेही धारवाडचेच. हद्द बदलली त्या वर्षांच्या आसपास शिकलेल्यांनी गुणपत्रिका काढून खात्री करावी, कारण आधी प्रवेश घेतलेल्यांचं शिक्षण बहुधा जुन्याच विद्यापीठाखाली पुरं होतं. परदेशी शिक्षणासाठी ट्रान्स्क्रिप्ट किंवा पदवीची दुय्यम प्रत हवी असेल, तर अर्जही पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडेच करावा लागतो.

माजी विद्यार्थी कशाला हवेत?

एक कारण सरळ आहे. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र मुद्दा असतो. दुसरं कारण पैशाचं : शिष्यवृत्त्या, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांना बाहेरची मदत लागते. पण निव्वळ देणगीची पावती पुढे केली, तर तीस वर्षांनी विचारपूस करणाऱ्याला कोण दाद देईल?

आधी यादी हवी, आणि ती आजच्या हद्दीवर बेतून चालणार नाही. विद्यापीठाकडे पदव्यांची जुनी नोंद असतेच. ती वर्ष आणि कॉलेजवार लावली, की बेळगाव, बीदर, कारवारचे पदवीधर सापडतील. पुणे, कोल्हापूर, गोव्यात स्थिरावलेल्यांपर्यंत पोचायला कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतलं एक पत्रकही उपयोगी पडेल. जुनी प्रमाणपत्रं घरबसल्या मिळण्याची सोय नीट चालली, तर नातं तिथूनच पुन्हा जुळेल.

सीमाभागात राज्य, भाषा आणि हद्द यांवरून वाद पुष्कळ झाले. पदवी मात्र हद्दीबरोबर हलत नाही. सीमाभागातल्या कित्येक घरांतल्या प्रमाणपत्रांवर धारवाडचं नाव कायम आहे. पुढच्या पंचवीस वर्षांची आखणी करताना विद्यापीठाने हे लोक मोजले, तर शताब्दीला त्याच्या मागे तीन जिल्हे नव्हे, निम्मा उत्तर कर्नाटक आणि शेजारची दोन राज्यंही उभी असतील.