फॅरो, फिरऔन आणि थकलेले धान्य

इतिहासाच्या तासाला इजिप्तचा विषय निघाला होता. तुतनखामूनच्या सोनेरी मुखवट्याचे चित्र मुलांना दाखवत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, फॅरो म्हणजे फिरऔनच ना? मग त्याचं कौतुक कशाला करायचं?"

प्रश्न रास्त होता. आमच्या घरांत फिरऔन हा शब्द शिवीसारखा वापरतात. भाऊ भावाला दबवू लागला की आई म्हणते, "फिरऔन हो गया क्या?" हजरत मूसा (अलै.) यांचा किस्सा ऐकत वाढलेल्या पोराला तो मुखवटा शत्रूचाच वाटणार. मराठीच्या पुस्तकात फॅरो, उर्दूच्या पुस्तकात फिरऔन. मी दोन्ही शिकवतो आणि दोन्हींच्या मध्ये काय आहे ते कधी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी घंटा झाली म्हणून सुटलो. आता सविस्तर लिहितो.

आधी शब्द. प्राचीन इजिप्ती भाषेत 'पेर-आ' म्हणजे मोठे घर, राजवाडा. आपल्याकडे गावात "वाड्यावरून निरोप आलाय" म्हणत, तेव्हा निरोप भिंतींनी धाडलेला नसे, मालकाने धाडलेला असे. तसेच तिथे झाले. अठराव्या घराण्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. पंधराव्या-चौदाव्या शतकात, घराचे नाव मालकाला चिकटले. ज्यांनी गिझाचे पिरॅमिड बांधले ते खुफू आणि खाफ्रे त्याच्या हजारेक वर्षे आधीचे. त्यांना त्यांच्या हयातीत कुणी फॅरो म्हटले नाही.

इथे एक गोष्ट माझ्या फार आवडीची. कुरआनात हजरत यूसुफ (अलै.) यांच्या काळच्या राजाला 'मलिक' म्हटले आहे आणि हजरत मूसांच्या काळच्या राजाला 'फिरऔन'. बायबलमध्ये दोघेही फॅरोच. यूसुफांचा राजा स्वप्नाचा अर्थ विचारतो, कैदेतल्या माणसाला बाहेर काढतो, दुष्काळासाठी धान्य साठवू देतो. म्हणजे इजिप्तच्या गादीवर बसला तो प्रत्येक जण जुलमी, असे आपला ग्रंथही म्हणत नाही. शिवाय कुरआनाने त्या फिरऔनचे नाव दिलेले नाही, सनही दिलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या रामसेसची नाही तर मर्नेप्ताहची ममी 'हाच तो' म्हणून फिरते. नाव चिकटवण्याची ही घाई आपली आहे.

जवळपास तीन हजार वर्षे आणि तीसेक घराणी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात मानेथो नावाच्या इजिप्ती पुजाऱ्याने राजांची ही घराणी मोजली, ती मोजणी आजही चालते. इतक्या राजांत सगळ्या तऱ्हेची माणसे होती. दुसरा पेपी पोरवयात गादीवर आला. त्याचा अधिकारी हरखुफ दक्षिणेच्या मोहिमेवरून एका नाचणाऱ्या बुटक्या माणसाला घेऊन येत होता. बाळराजाने त्याला पत्र धाडले: सगळे सोडून लवकर ये, त्याला सांभाळ, नावेतून पाण्यात पडू देऊ नकोस, रात्रीतून दहा वेळा उठून बघ. हरखुफला त्या पत्राचा इतका अभिमान वाटला की त्याने ते अस्वानजवळ आपल्या कबरीच्या भिंतीवर कोरून घेतले. तुतनखामून आठ-नऊ वर्षांचा असताना राजा झाला आणि विशीच्या आत मेला. त्याच्या कबरीत सोन्याबरोबर दोन लहानशा शवपेट्याही सापडल्या, जगूच न शकलेल्या दोन मुलींच्या.

राजाचे काम काय? कागदोपत्री तो देवाचा अंश आणि प्रत्येक मंदिराचा मुख्य पुजारी. पण त्याच्यावर एक जबाबदारी होती, तिचे नाव 'मात': सत्य, न्याय, जगाची घडी. शत्रूला सीमेवर रोखणे हे मातमध्ये आले, तसेच नाईलच्या पुरानंतर पिकाचा हिस्सा कोठारांत भरणे आणि कोठारातून पोटापर्यंत पोहोचवणेही आले. नाणी नव्हती, पगार धान्यातच मिळे. कोठार रिकामे झाले तर मात बिघडली.

ती कशी बिघडली याचा कागद शाबूत आहे. तिसऱ्या रामसेसचे एकोणतिसावे वर्ष, सुमारे इ.स.पू. ११५७. आजच्या लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेला, देर अल-मदिना हे कारागिरांचे गाव. राजांच्या खोऱ्यातल्या कबरी खोदणारे, रंगवणारे हे लोक. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच पोती धान्य ठरलेले, चार गव्हाची आणि दीड जवाची. गहू कुठला, तर ज्याला आपण खपली म्हणतो तोच. ते धान्य आले नाही. अठरा दिवस उलटून गेल्यावर हत्यारे खाली ठेवून कारागीर चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे जाऊन बसले. पुढे ते दुसऱ्या रामसेसच्या मंदिरापर्यंत गेले. म्हणणे सरळ होते: भुकेने आणि तहानेने आलो आहोत. कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. आमच्या मालकाला, फॅरोला, हे कळवा.

तपशीलवार लेखी नोंद असलेला हा जगातला सर्वांत जुना संप मानतात. पुढच्या वर्षी राजाच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीचा मोठा उत्सव होता. त्यासाठी देवांच्या मूर्ती न्यायला वजीर तिथून गेला, पण कारागिरांना भेटला नाही. निरोप मात्र धाडला: कोठारातच काही नाही, जे सापडले ते देतो. मिळाला अर्धा शिधा. मग काही दिवसांनी पुन्हा बसकण. थीब्जच्या नगराधिकाऱ्याने ५० पोती खपली देऊ केली, वरून पुरवठा होईपर्यंत.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझाही पगार महिनोन्‌महिने अडकत असे. शाळा कुठली ते सोडून द्या. दर वेळी 'वरून आले नाही' एवढेच उत्तर मिळे. 'वर' म्हणजे नेमके कोण, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. त्यामुळे त्या वजिराचा निरोप वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

त्याच रामसेसने मंदिरांना दिलेल्या देणग्यांची यादी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो पपायरस ४० मीटरहून लांब आहे. सागरी टोळ्यांना परतवल्याची त्याची चित्रे मेदिनेत हाबूच्या भिंतींवर कोरली आहेत आणि ती फुशारकी निव्वळ खोटी नाही, त्याने देश खरोखर वाचवला. पण देणग्यांची यादी आणि संपाची नोंद शेजारी ठेवली की मला तरी त्या कारागिरांचेच म्हणणे पटते. गंमत अशी की त्यांनी राजाला शिव्या दिल्या नाहीत. राजाला कळले तर तो नक्की देईल, असा त्यांचा विश्वास होता. हा विश्वास भोळा होता की धोरणी, यावर मी अजून अडतो.

राजाला ते कधी कळले का, माहीत नाही. तो स्वतःही सुखाने मेला नाही. तिये नावाच्या राणीने आपला मुलगा पेंतावेरे गादीवर यावा म्हणून जनानखान्यात कट रचला. खटल्याचा पपायरस तुरीनच्या संग्रहालयात आहे, संपाचाही तिथेच. खटला चालवणाऱ्यांपैकी काही जण आरोपी बायकांबरोबर मेजवानी झोडताना सापडले आणि त्यांचेच नाक-कान कापले गेले. राजा त्या हल्ल्यात मेला की वाचला, हे बराच काळ नक्की नव्हते. २०१२ साली ममीचे सीटी स्कॅन झाले तेव्हा पट्ट्यांखाली गळा हाडापर्यंत चिरलेला दिसला. ममी करणाऱ्यांनी त्या जखमेत होरसच्या डोळ्याचा ताईत ठेवला होता, पुढच्या जन्मी ती भरून यावी म्हणून.

३ एप्रिल २०२१ रोजी कैरोत २२ राजा-राण्यांच्या ममी वाजतगाजत नव्या संग्रहालयात नेल्या, त्यांत तिसरा रामसेसही होता. ते संग्रहालय फुस्तातला आहे. अम्र बिन आस यांनी वसवलेली इजिप्तची पहिली मुस्लिम राजधानी ती हीच, त्यांच्या नावाची मशीदही त्याच भागात आहे.

पुढच्या तासाला मी वर्गात हे सगळे सांगितले. तो मुलगा ऐकून गप्प होता. मग म्हणाला, "सर, त्या लोकांचं राहिलेलं अर्धं धान्य मिळालं का?"