महायुद्धाचा इतिहास आणि वैरागचा विद्यार्थी

बार्शीहून सोलापूरकडे जाणाऱ्या सडकेवरील वैराग या बाजारपेठेच्या गावातून जो विद्यार्थी इतिहास हा विषय घेऊन विद्यापीठाची पदवी मिळविण्यास निघतो, त्याच्या वाचनात दोन्ही महायुद्धे यथाक्रम येतात. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा वध, व्हर्सायचा तह, राष्ट्रसंघाची दुर्बलता, पोलंडवरील आक्रमण आणि हिरोशिमाचा संहार ही सारी प्रकरणे त्यास अवगत होतात व व्हावयासच हवीत. परंतु ज्या मुलखात तो वाढला, त्या मुलखातील माणसे या युद्धांत कोठे गेली आणि काय भोगून परतली, हा प्रश्न त्याच्यापुढे क्वचितच ठेवला जातो, याचा मला मनापासून विषाद वाटतो.

या उपेक्षेस कारणे आहेत. सोलापूर जिल्ह्याचे उच्च शिक्षण प्रथम मुंबईच्या, पुढे १९४९ पासून पुण्याच्या, १९६२ नंतर कोल्हापूरच्या विद्यापीठाकडे होते; जिल्ह्यास स्वतःचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी लाभले. शिवाय दुसऱ्या युद्धातील हिंदी फौजांचा जो अधिकृत इतिहास डॉ. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादकत्वाखाली अनेक खंडांत सिद्ध झाला, त्याची मांडणी आघाड्या व मोहिमा यांना धरून असल्याने, तालुका आणि गाव यांना त्यात स्थान मिळणे शक्यच नव्हते.

आता कुत-अल-अमाराचा वेढा घ्या. इराकात तैग्रिस नदीच्या काठी, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज तुर्कांनी कोंडून धरली, ती जनरल टाउनशेंड याच्या हाताखालील सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. शिधा आटत चालला तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटण्याचा हुकूम झाला. धर्मभावनेने हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी दीर्घकाळ ते नाकारले, पीठ दिवसेंदिवस कमी होत गेले, भाजीपाल्याच्या अभावी स्कर्व्हीने माणसे खंगली, आणि अखेरीस सुमारे १३,००० जणांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतरची वाळवंटातील पायपीट व तुर्कांची कैद यांत असंख्य माणसे मेली. पुढे बसरा येथे जे स्मारक उभारले गेले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अंमलदारांचीही कोरली गेली, परंतु साध्या हिंदी शिपायाचा समावेश पलटणीगणिक केवळ संख्येत झाला. हा अन्याय होय, आणि तो दूर करण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकाशिवाय दुसरे कोण करणार?

महार समाजाच्या वाट्यास तर याहून कठोर व्यवहार आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ज्यांना फौजेची दारे बंद करण्यात आली, त्यांचीच १११ क्रमांकाची पलटण १९१७ मध्ये, सरकारास माणसांची निकड भासताच, उभी केली गेली, आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकण्यात आली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे स्थापन झाली, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीत आणि डॉ. आंबेडकरांसारख्यांच्या सततच्या आग्रहानंतर. महायुद्धाची सामाजिक बाजू शिकविण्यास याहून समर्पक प्रकरण महाराष्ट्रात सापडणे कठीण.



परंतु या जिल्ह्याने महायुद्धाच्या अभ्यासास दिलेला सर्वांत मोलाचा धडा डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्रात आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर काँग्रेसने धाडलेल्या पाच वैद्यांच्या पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले, आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच कालवश झाले. आपली पुस्तके दुसऱ्या महायुद्धाचा आरंभ १ सप्टेंबर १९३९ असा देतात. ती तिथी युरोपची आहे. जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर जे युद्ध लादले, त्यात सोलापूरचा सुपुत्र ती तिथी उजाडण्यापूर्वीच जाऊन पोहोचला होता. कोटणीसांचे चरित्र समोर ठेवून जो विद्यार्थी हा कालखंड वाचील, त्यास महायुद्ध खरोखर जागतिक कसे होते हे कळेल, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही ते निर्भयपणे लिहिण्याचे धैर्य त्याने दाखवावे.

अशा अध्ययनाची साधने केवळ लंडन-दिल्लीच्या दप्तरखान्यांत नाहीत. महाराष्ट्रातील कित्येक गावांत, १९१४ ते १९१९ च्या युद्धास गावातून किती माणसे गेली व किती कामास आली, हे सांगणाऱ्या संगमरवरी शिळा आजही भिंतीत बसविलेल्या आढळतात. त्या युद्धात शिपायांना मिळालेले रौप्यपदकही पाहण्यासारखे असते: एका अंगास पाचव्या जॉर्जचा मुखवटा, आणि कडेवर, भिंगाखाली धरल्यास स्पष्ट दिसणारी बारीक इंग्रजी अक्षरे, ज्यांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण खोदलेली असते. पलटण कळली म्हणजे आघाडी कळते, आणि बसऱ्यास जे नाव कोरले गेले नाही ते कदाचित एखाद्या घरच्या पेटीत सापडते. वैराग व त्याच्या पंचक्रोशीत ज्यांच्या घरी असे पदक, फौजेतून मुक्त केल्याचा दाखला किंवा पेन्शनचा कागद असेल, त्यांनी तो सराफाच्या तराजूत वा रद्दीत जाऊ देण्यापूर्वी त्यावरील मजकूर उतरवून जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे द्यावा, आणि विभागाने तो नोंदवून घ्यावा, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.