पडद्यावरची पृथ्वी : युनिव्हर्सलच्या बोधचिन्हाची शंभर वर्षे

पृथ्वी बाहेरून कशी दिसते, हे कोणाही माणसाने डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेतील एक चित्रपट कंपनी ती लोकांना तिकीट लावून दाखवत होती. युनिव्हर्सल पिक्चर्सच्या चित्रपटाआरंभी संथपणे फिरणारा पृथ्वीगोल जगभरच्या प्रेक्षकांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कोणी मुद्दाम घडवला असेल हेच मनात येत नाही. प्रत्यक्षात तो अनेकदा मोडून नव्याने घडवला गेला. दर खेपेस त्यावर दोन गोष्टी उमटल्या : कंपनीचे बदललेले नशीब आणि पृथ्वीविषयी माणसाची बदललेली कल्पना.

या गोलाची कथा एका स्थलांतरितापासून सुरू होते. कार्ल लेमले हा दक्षिण जर्मनीतील लाउपहाइम गावचा ज्यू मुलगा. जन्म १८६७ चा. १८८४ साली तो अमेरिकेस गेला आणि मिळेल ते काम करत विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे एका कपड्यांच्या दुकानात स्थिरावला. १९०६ साली त्याने शिकागोत छोटे चित्रपटगृह उघडले, तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती. त्या काळी थॉमस एडिसन आणि त्याचे भागीदार यांनी पेटंटांच्या जोरावर सबंध चित्रपटधंद्याला वेसण घातली होती. लेमलेने ती मानली नाही. खटल्यांमागून खटले अंगावर घेत त्याने स्वतंत्र निर्मात्यांची मोट बांधली आणि ३० एप्रिल १९१२ रोजी ‘युनिव्हर्सल फिल्म मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली.

नावाची एक गंमतीदार कथा सांगतात. भागीदारांच्या बैठकीत नाव सुचेना, तेव्हा लेमलेला खिडकीतून रस्त्यावरची एक गाडी दिसली. तीवर नळजोडणीच्या सामानाची जाहिरात होती आणि त्यात ‘युनिव्हर्सल’ हा शब्द होता. कथा खरी असो वा रचलेली, नाव ठरल्यावर चिन्ह शोधावे लागले नाही. विश्वाची भाषा करणाऱ्या कंपनीला पृथ्वीच हवी. बोधचिन्ह असे नावाच्या पोटातून जन्मते. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन झाली, तेव्हा पडद्यावर तुतारी फुंकणारी स्त्री आली ती याच न्यायाने. युनिव्हर्सलचा दावा मात्र अगदीच पोकळ नव्हता. १९१६ साली भारतात एजन्सी उघडणारी ती हॉलीवूडमधील पहिली कंपनी होती.

मूकपटांच्या आरंभीच्या वर्षांत हे चिन्ह साधे होते : एक गोल आणि त्याभोवती शनीसारखे कडे, कड्यावर कंपनीचे नाव. पृथ्वीला असे कडे नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक होते. पण अक्षरे कुठेतरी बसवायला हवीत ना!

गोलात खरी हालचाल भरली ती १९२७ च्या सुमारास. पृथ्वी फिरू लागली आणि तिच्याभोवती एक विमान घिरट्या घालू लागले. पुढे बोलपट आल्यावर त्या विमानाची घरघरही ऐकू येऊ लागली. चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने, कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडला तो मे १९२७ मध्ये. त्याआधी तीनच वर्षे अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांनी विमानातून पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. चार विमाने निघाली, दोनच परतली आणि कलकत्ता, कराचीवरून गेलेल्या त्या प्रवासाला १७५ दिवस लागले. तीच प्रदक्षिणा पडद्यावरचे विमान काही सेकंदांत उरकत असे. जग लहान झाले आहे आणि ते कवेत घेता येते, हा त्या काळाचा विश्वास या चित्रात पुरेपूर उतरला आहे. ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकनस्टाइन’ यांसारखे १९३१ सालचे भयपट याच विमानाच्या मागून पडद्यावर आले.

परंतु कवेत घेतलेले जग निसटायला फार काळ लागला नाही. १९३० साली युनिव्हर्सलने ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ काढला. एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाच्या कादंबरीवरील तो युद्धविरोधी चित्रपट डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला लागला, तेव्हा गोबेल्सच्या चिथावणीने नाझींनी चित्रपटगृहात दंगा माजवला आणि काही दिवसांतच सरकारने चित्रपटावर बंदी घातली. लेमलेला आपल्या जन्मभूमीत पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज आला असावा. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याने हमीपत्रे लिहून देऊन शेकडो जर्मन ज्यूंना अमेरिकेत येण्याची वाट मोकळी करून दिली. चित्रपटांच्या इतिहासात त्याचे नाव भयपटांमुळे येते. या हमीपत्रांमुळे ते अधिक यायला हवे.

त्याच सुमारास स्वतःची कंपनी त्याच्या हातून गेली. निर्मितीची सूत्रे विशीतच हाती आलेला त्याचा मुलगा कार्ल लेमले ज्युनियर महागड्या चित्रपटांच्या मागे होता. ‘शो बोट’साठी १९३५ च्या अखेरीस स्टँडर्ड कॅपिटल या संस्थेकडून ७,५०,००० डॉलरचे कर्ज काढले गेले आणि त्यासाठी कुटुंबाची मालकीच तारण ठेवली गेली. चित्रपट पुरा होण्याआधीच सावकारांनी हात उगारला. १९३६ साली लेमले बापलेक कंपनीबाहेर पडले. ‘शो बोट’ पुढे चांगला चालला, पण तोवर उशीर झाला होता.

नव्या मालकांनी कंपनीची ‘न्यू युनिव्हर्सल’ म्हणून जाहिरात सुरू केली आणि पहिल्या काही महिन्यांतच विमान हटवले. त्याजागी आला काचेसारखा लखलखणारा, पारदर्शक गोल आणि त्याभोवती फिरणारे तारे. सोबत जिमी मॅकह्यूची दिमाखदार सुरावट. आजही या चिन्हाचे चाहते याच आवृत्तीला सर्वांत देखणी मानतात आणि त्यात चूक काही नाही. पण ही पृथ्वी उरली आहे कुठे? तो एखाद्या महागड्या नृत्यगृहाच्या छताला टांगावा असा दागिना आहे. मंदीने पोळलेल्या प्रेक्षकाला भूगोलापेक्षा झगमगाट हवा, हा हिशेब मात्र बरोबर ठरला. लेमले २४ सप्टेंबर १९३९ रोजी वारला. युरोपात महायुद्ध पेटून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

१९४६ साली कंपनीचे इंटरनॅशनल पिक्चर्सशी विलीनीकरण झाले आणि ‘युनिव्हर्सल-इंटरनॅशनल’ हे नाव पडद्यावर आले. काचेचा गोल गेला, ताऱ्यांनी भरलेल्या काळ्या आकाशात भरीव पृथ्वी आली. योगायोग असा की २४ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून जर्मनांकडून हस्तगत केलेले एक व्ही-२ रॉकेट उडाले आणि सुमारे १०५ किलोमीटर उंचीवरून त्याने पृथ्वीची छायाचित्रे घेतली. अवकाशातून टिपलेली ती पहिली छायाचित्रे. टिपणारा कॅमेरा ३५ मिलिमीटर फितीचा चलच्चित्र कॅमेराच होता. रॉकेट जमिनीवर आदळून चक्काचूर झाले, पोलादी पेटीतली फीत तेवढी वाचली. तिच्यावर दिसत होता काळ्या आकाशापुढे पृथ्वीचा एक वाकडा, करडा काठ. पूर्ण गोल अजून फार दूर होता.

सबंध गोल दाखवण्याचे काम त्यामुळे कलाकारांच्या कल्पनेवरच सोपवलेले होते आणि १९६३ च्या सुमारास युनिव्हर्सलने त्यात बाजी मारली. या आवृत्तीत प्रेक्षक स्वतःच अवकाशातून प्रवास करत पृथ्वीकडे येतो. गोल मोठा होत जातो आणि त्याभोवती दोन धूसर कडी तरंगताना दिसतात. ही कडी शोभेची नव्हती. १९५८ साली ‘एक्सप्लोरर-१’ या अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहावरील उपकरणांच्या नोंदींवरून आयोवा विद्यापीठातील जेम्स व्हॅन ॲलन यांनी पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचे पट्टे असल्याचे दाखवून दिले होते. पाचच वर्षांत विज्ञानाची ती ताजी बातमी बोधचिन्हात शिरली. खरे व्हॅन ॲलन पट्टे डोळ्यांना दिसत नाहीत. पडद्यावर ते धुराच्या वलयांसारखे दिसतात. मूकपटांच्या काळातले शनीचे खोटे कडे गेले होते, त्याच्या जागी खरे पण अदृश्य कडे आले. या साऱ्या प्रवासातला सर्वांत सुंदर बदल बहुधा हाच.

ही आवृत्ती १९९० पर्यंत टिकली. ‘जॉज’, ‘ई.टी.’, ‘बॅक टू द फ्यूचर’ हे चित्रपट तिच्याच मागून आले. ‘जॉज’मध्ये तर त्या गोलावरच पाण्याखालचे आवाज ऐकू येऊ लागतात आणि शार्क दिसण्याआधीच समुद्र सुरू होतो.

याच २७ वर्षांत माणसाने पृथ्वी खरोखर पाहिली. २४ डिसेंबर १९६८ रोजी ‘अपोलो-८’च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली. ७ डिसेंबर १९७२ रोजी ‘अपोलो-१७’मधून सूर्यप्रकाशात न्हालेल्या पूर्ण गोलाचे ते सुप्रसिद्ध छायाचित्र घेतले गेले. त्यात भूखंडांपेक्षा ढगच अधिक नजरेत भरतात. मूळ छायाचित्रात दक्षिण ध्रुव वर आहे, छापताना ते फिरवून उत्तर वर आणली गेली. युनिव्हर्सलच्या गोलावर या छायाचित्रांचा तेव्हा काहीच परिणाम झाला नाही, हे लक्षणीय आहे. त्यावरची पृथ्वी शाळेच्या टेबलावरील गोलासारखीच राहिली : उत्तर वर, भूखंड ठळक. खरी पृथ्वी ओळखायला क्षणभर थांबावे लागते. बोधचिन्हाला तेवढी सवड नसते.

१९९० साली आलेल्या नव्या चिन्हाचे निमित्त होते कंपनीच्या ७५ व्या वर्षाचे. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या तिसऱ्या भागाआधी जुन्या बोधचिन्हांची झलक आणि तिच्यापाठोपाठ सोनेरी अक्षरे मिरवणारा नवा गोल झळकला. संगीत जेम्स हॉर्नरचे. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) पाहिलेल्या पिढीला हाच गोल आठवतो.

या गोलाचे सर्वांत धीट रूप १९९५ च्या ‘वॉटरवर्ल्ड’मध्ये दिसले. नेहमीप्रमाणे पृथ्वी फिरते, नाव येते, नाव जाते. गोल मात्र थांबत नाही. ध्रुवांवरचे बर्फ वितळू लागते, समुद्र चढत जातो आणि एकेक भूखंड पाण्याखाली नाहीसा होतो. मग कॅमेरा त्या निळ्या गोलाकडे झेपावतो आणि कथा सुरू होते. ८० वर्षे जे चिन्ह जग आपले असल्याचे सांगत आले, तेच इथे जग बुडवून दाखवते. चित्रपटाचे नाव पुढे त्याच्या अफाट खर्चामुळेच गाजले. पण प्रलयाची सगळी पूर्वकथा काही सेकंदांत सांगणारा हा आरंभ कोणत्याही चांगल्या चित्रपटाला शोभला असता.

त्यानंतरचे बदल संगणकाचे. १९९७ साली ‘द लॉस्ट वर्ल्ड’बरोबर आलेल्या गोलाला जेरी गोल्डस्मिथने संगीत दिले आणि तीच सुरावट आज युनिव्हर्सलची ओळख आहे. दरम्यान कंपनीचे मालक झरझर बदलत होते. जपानची मात्सुशिता, कॅनडाची सीग्रॅम, फ्रान्सची व्हिवेंदी, मग जनरल इलेक्ट्रिक, शेवटी कॉमकास्ट. जगाचे चित्र मिरवणारी कंपनी खरोखरच जगभर हातोहात फिरली. गोल मात्र एव्हाना इतका मुरला होता, की दिग्दर्शक त्याच्याशी खेळू लागले. २००९ च्या ‘ड्रॅग मी टू हेल’ने व्हॅन ॲलन पट्ट्यांचा जुना गोल परत आणला. ‘स्कॉट पिल्ग्रिम’ने (२०१०) तो जुन्या व्हिडिओ गेमच्या ठोकळेबाज ठिपक्यांत रंगवला. २०१५ साली तर मिनियन्सनी गोल्डस्मिथची सुरावट आपल्या आवाजात गाऊन टाकली.

२०१२ ची आवृत्ती न्यूझीलंडमधील वेटा डिजिटलने घडवली, ब्रायन टायलरने गोल्डस्मिथच्या सुरावटीला नवा साज चढवला आणि ‘द लोरॅक्स’पासून ती पडद्यावर आली. या पृथ्वीवर रात्र आहे आणि त्या रात्रीत माणसांच्या वस्तीचे दिवे लुकलुकतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नासाने रात्रीच्या पृथ्वीची उपग्रहचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा ती अनेकांना ओळखीची वाटली असतील.

निमित्त होते कंपनीच्या शताब्दीचे. १९९० साली ७५ वर्षांची असलेली कंपनी २२ वर्षांनी शंभराची कशी झाली, असा प्रश्न कोणालाही पडावा. उत्तर सोपे आहे. १९९० मधला सोहळा १५ मार्च १९१५ रोजी उघडलेल्या युनिव्हर्सल सिटी या चित्रनगरीपासून मोजला होता. २०१२ मधला मोजला तो ३० एप्रिल १९१२ पासून, म्हणजे लेमले आणि त्याच्या भागीदारांनी कागदावर सह्या केल्या त्या दिवसापासून.